जाईबाईची तोंडी परीक्षा

“काका, म्हातारं माणूस डोक्यातून गेलंय की नाही ते तुम्ही पाच मिनिटांत सांगता म्हणे. मग आमच्या बीजगणिताच्या बाईंना कधी आणू?”

उत्पलानं हे एका दमात विचारलं आणि औषधाच्या दुकानाच्या काउंटरवर दोन्ही कोपरं रोवून उभी राहिली. शेजारच्या पानाच्या गादीआड नंदिनी आणि कुंदा तोंडात रुमाल कोंबून उभ्या होत्या. पैज त्यांचीच. विचारून दाखवलंस तर काळाखट्टा गोळा आमच्याकडून, नाही विचारलंस तर आठवडाभर आमची दप्तरं तू उचलायची.

दोन महिन्यांपूर्वीची उत्पला असती तर तिनं मुकाट दप्तरं उचलली असती. ही मुलगी वर्गात ‘हजर’सुद्धा पुटपुटायची. पण गणपतीच्या आधी वक्तृत्व स्पर्धा आली, ज्या मुलीचं नाव दिलं होतं ती ऐन वेळी तापानं पडली, बाईंनी हिला पुढं ढकललं, आणि ही असं काही बोलली की ठाण्याहून आलेले परीक्षक चहाचा कप हातात धरून बसले, प्यायचं विसरले. त्या दिवशी तिच्या जिभेचं टाळं जे निघालं, ते पुन्हा कुणाला लावता येईना. वाशीतल्या त्या सेक्टरात आता पोस्टमनपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना तिचे प्रश्न माहीत झाले होते.

दुकानदार पेडणेकर रागावले नाहीत. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “बाई किती वर्षांच्या?”

“असतील चाळीस.”

“मग त्यांना कुणी गणित चुकीचं सोडवून दाखवलं तर डोकं जाणारच. त्याला माझ्याकडं औषध नाही.”

गादीआडून खिदळणं ऐकू आलं. पेडणेकर तिकडं न बघता म्हणाले, “त्या दोघींना पण बोलव. उन्हात कशाला उभ्या?”

वामन पेडणेकर आधी परळच्या एका इस्पितळात औषधं द्यायला होते. तिथल्या डॉक्टरांकडून त्यांनी ही प्रश्नोत्तरं शिकून घेतली होती. दुकानात एक लाकडी बाकडं होतं. दुपारची गर्दी ओसरली की बी.पी.च्या नाहीतर गुडघ्याच्या गोळ्या न्यायला येणाऱ्या म्हाताऱ्यांना ते तिथं बसवायचे, गप्पा मारल्यासारखे चार प्रश्न विचारायचे, आणि काही खटकलं तर मुलाला किंवा सुनेला बोलावून सांगायचे, यांना डॉक्टरला दाखवा. यात त्यांना एक पैसा मिळत नव्हता. उलट दोन-तीन सुना भांडून गेल्या होत्या.

त्या वेळी बाकड्यावर जुहूगावचे गोटीराम बसले होते. खोकल्याची बाटली न्यायला आलेला आगरी म्हातारा, कानाला बिडी लावलेला.

“गोटीरामशेठ, आज वार कुठला?”

“बुधवार. आनी तुमी इसरला असाल तर उद्या गुरुवार हाय.”

“महिना?”

“तुमचा का आमचा?”

“कुठलाही चालेल.”

“भादवा सरला. आता आश्विन.”

“मगाशी मी तीन वस्तू सांगितल्या होत्या.”

“कुलूप, चिच, घोरा,” गोटीराम म्हणाले. “चौथी मी सांगतो. माजी खोकल्याची बाटली. ती देतंस का घोरा देतंस?”

तिघी पोरी खो खो हसल्या. पेडणेकरही हसले. बाटली कागदात गुंडाळून देता देता ते उत्पलाला म्हणाले, “आणि हे बघ, वेडं, खुळं, डोक्यातून गेलेलं, असं म्हणायचं नाही. विसर पडतो. कधी तो आजार असतो, कधी भलतंच काही असतं.”

पण उत्पलाचं अर्धंच लक्ष होतं. तिच्या डोक्यात दिवा पेटला होता. ती बाकड्यावर थाप मारून म्हणाली, “काका, मी माझ्या आजीला आणते. पैकीच्या पैकी मार्क मिळवेल ती. मग तुम्ही तसं बाबांना सांगायचं. नक्की?”

“आण की.”

तिला हे किती हवं होतं ते नंदिनी-कुंदाला ठाऊक नव्हतं. घरात ठरत आलं होतं, की दिवाळीच्या सुट्टीत आजीला गावी गंगारामकाकांकडं सोडायचं. पुन्हा आणायचं नाही. माणगावच्या पलीकडं काकांचं घर होतं. तिथं मागच्या पडवीत बैलाची जागा रिकामी झाली होती, ती सारवून आजीला द्यायची, असं काकांनी कळवलं होतं. काकी कशी होती ते उत्पलाला माहीत होतं. स्वतःच्या आईला काकीनं ताटात उष्टं वाढलं होतं, मग सासूची काय कथा.

आणि ही आजी, जाईबाई, कोण होती! दोन वर्षांपूर्वी आजोबा गेले तेव्हा बाबा तिला इथं घेऊन आले. आली तेव्हा तिचा आवाज असा, की ती खालच्या नळावर बोलली तर तिसऱ्या मजल्यावर कळायचं आज कुणाकडं कसली भाजी. पौर्णिमेला विहाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये बायका तिच्या मागं बसून वंदना म्हणायच्या. पुस्तक उघडायची गरज कुणाला पडत नसे. जाईबाई पुढं, बाकी मागून. गावात कुणाचं लेकरू कुठल्या पावसात जन्मलं, कुणाची सोयरीक कुणी मोडली, सगळं तिच्या तोंडावर. निजताना नातीला सांगायची, “गो बाय, लिवतां येत न्हाय त्याला मनात ठेवावा लागतो.”

ती आजी हल्ली बोलत नव्हती. भिंतीला टेकून बसायची. गेल्या पौर्णिमेला पंचशील म्हणताना तिसऱ्या शीलावर अडली, पुन्हा पहिल्यापासून लागली, पुन्हा तिथंच अडली. बायकांनी एकमेकींकडं बघितलं. मग विमलबाईंनी पुढचं ओढून नेलं. घरी आल्यावर आई बाबांना म्हणाली, “आता मला एकटीला नाही झेपत.” बाबा म्हणाले, “सुट्टी लागू दे उत्पलाला.”

म्हातारपण म्हटलं की असं व्हायचंच, असं घरातले म्हणत होते. उत्पलाला ते मान्य नव्हतं. आजीला कंटाळा आलाय, दुसरं काही नाही. कुणी नीट काही विचारलं, की ती खडाखडा बोलेल. आणि एकदा पेडणेकरांसारखा माणूस म्हणाला, की ही ठणठणीत आहे, म्हणजे बाबांना तोंड उरणार नाही.

दुसऱ्याच दिवशी चारच्या सुमाराला ती आजीला घेऊन निघाली. स्वतः वेणी घालून दिली, पांढरं लुगडं नेसवलं. घरापासून दुकान हाकेच्या अंतरावर, पण आजी वाटेत दोनदा थांबली. एकदा तोल गेला तेव्हा उत्पलानं कोपराला धरलं तर आजी कळवळली. कोपर काळंनिळं होतं. “कुठं आपटलीस?” म्हणून विचारलं तर आजी नुसती हसली.

बाकड्यावर नंदिनी आणि कुंदा आधीच येऊन बसल्या होत्या. उत्पलानंच बोलावलं होतं. साक्षीदार नकोत?

“जय भीम, आजी,” पेडणेकर म्हणाले. “बसा. मी तीन वस्तूंची नावं सांगतो. तुम्ही माझ्या मागनं म्हणा आणि ध्यानात ठेवा. मी परत विचारीन. विळा. भाकर. छत्री.”

“विळा,” आजी म्हणाली. तिची जीभ जड पडत होती. “भाकर.”

“छत्री.”

“छत्री.”

“छान. आज वार कुठला?”

आजीनं उत्पलाकडं बघितलं. उत्पलानं ओठांनीच ‘गुरु’ केलं.

“कॉपी करायची नाही,” पेडणेकर म्हणाले. “आजी, वार?”

“वार… सांजचा.”

नंदिनी फिसकन हसली. कुंदानं तिला कोपरखळी मारली आणि मग ती पण हसली.

“आत्ता आपण कुठं आहोत?”

“गावांत. मोठ्या आळीला.” तिनं इकडंतिकडं बघितलं, काचेच्या कपाटांकडं, बाटल्यांकडं. “न्हाय… हा कंचा घर?”

“मी तीन वस्तू सांगितल्या होत्या. एखादी आठवते?”

आजीची मान खाली गेली. डोळे मिटत होते. उत्पलाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. काल तिनं इथंच बाकड्यावर थाप मारली होती. ती आजीच्या खांद्याला हलवून ओरडली, “आजी! नीट सांग ना! तुला येतंय सगळं! मुद्दाम करतेस का?”

आजी दचकली. दोन्ही हात तोंडापुढं धरले, कुणी मारायला आल्यासारखे. “चुकला का गो?” ती म्हणाली. “चुकला काय माझा?”

मग मात्र कुणी हसलं नाही.

पेडणेकर काउंटरच्या बाहेर आले. आजीपुढं उकिडवे बसले. तिचा हात हातात घेतला, खालची पापणी ओढून बघितली, कोपर बघितलं. “कधीपासून अशी आहे?”

“वर्ष झालं. नाही, जास्त. पण आधी अशी नव्हती. काका, खरंच नव्हती.”

“गोळ्या कसल्या चालू आहेत?”

“कसल्याच नाही. तिला बी.पी. पण नाही.”

“झोपेची?”

“नाही हो. तिला कशाला झोपेची? ती दिवसभर झोपलेलीच असते.”

पेडणेकर मग हळू म्हणाले, “हे बघ पोरी, माझ्या प्रश्नांवरनं एवढंच कळतं की काहीतरी बिघडलंय. काय बिघडलंय ते कळत नाही. घरी बघ. दिवसभरात तिच्या पोटात काय काय जातं ते सगळं बघ, आणि मला येऊन सांग.”

सांगायचं राहिलं बाजूला, संध्याकाळपर्यंत सांगणारे भरपूर झाले. नंदिनीनं आपल्या आईला सांगितलं, तिनं नळावर सांगितलं. साडेपाचला उत्पलाची आई पॅकिंगच्या कारखान्यातून परतली तर जिन्यातच विमलबाईंनी गाठलं. “काय गं मुक्ता, तुझ्या पोरीनं सासूला मेडिकलवाल्याकडं नेऊन वेडी ठरवली म्हणे?”

आईनं घरात पाऊल टाकलं आणि पिशवी भिरकावली. “कुणी सांगितलं होतं शहाणपण? सगळ्या सेक्टरात डंका पिटून आलीस! एवढे दिवस झाकून ठेवलं होतं मी!”

“मी तर…”

“तू तर भाषणं कर! स्टेजवर चढ!”

बाबा रात्रपाळीला निघेपर्यंत हे त्यांच्याही कानावर गेलं होतं. ते ओरडले नाहीत. बूट घालता घालता एवढंच म्हणाले, “आता सुट्टीपर्यंत कशाला थांबायचं? रविवारी मी सोडून येतो तिला.”

झालं. पास करायला नेलेल्या आजीचं नाव उत्पलानं स्वतःच्या हातानं कापलं होतं. रात्री ती आजीच्या अंथरुणात शिरली. आजी घोरत होती.

किसन, म्हणजे उत्पलाचे बाबा, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनाच्या कंपनीत ऑपरेटर होते. तीन पाळ्या आलटून पालटून. घर म्हणजे एक खोली, एक स्वयंपाकघर, मध्ये पडदा. रात्रपाळीच्या आठवड्यात सगळं घरच रात्रपाळीचं व्हायचं. खिडकीला काळं घोंगडं. कुकरची शिट्टी काढून ठेवलेली. रेडिओ बंद. दाराबाहेर पाटी: ‘कडी वाजवू नये.’ आई नऊच्या सुमाराला कारखान्यात जायची, उत्पलाची सकाळची शाळा. म्हणजे उत्पला दुपारी एकला येईपर्यंत घरात दोनच माणसं, बाबा आणि आजी. आली की ती पण पायांचा आवाज न करता स्वयंपाकघरात बसून अभ्यास करायची. आजी तेव्हा नेहमी निजलेली असायची. म्हातारी माणसं दुपारी निजतातच, त्यात काय बघायचं?

पण पेडणेकरांचं बोलणं तिच्या डोक्यातून जात नव्हतं. शुक्रवारी ती दप्तर घेऊन निघाली, फाटकापर्यंत गेली, आणि आयुष्यात पहिल्यांदा शाळेकडं पाठ केली.

हे साधं नव्हतं. त्या घरात शाळा चुकवण्याएवढा मोठा गुन्हा दुसरा नव्हता. बाबांची शाळा सातवीत सुटली, पोटासाठी. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली उत्पलाचं वक्तृत्वाचं प्रशस्तिपत्रक त्यांनी स्वतः फ्रेम करून लावलं होतं. कांजिण्यांचे पंधरा दिवस सोडले तर तिची हजेरी कधी चुकली नव्हती. तापात शाळा. मयत असलं तरी शाळा. आलेल्या पाहुण्याला बाबा चहाच्या आधी तिचे मार्क सांगायचे. मुलीचं नावसुद्धा त्यांनी विहारातल्या प्रवचनातून उचलून आणलं होतं, सगळ्यांनी नाक मुरडलं तरी.

ती पाण्याच्या टाकीमागं बसून राहिली. बाबांची बस आली, बाबा जिना चढून गेले. थोड्या वेळानं ती वर गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. पडद्यापलीकडं बाबा आडवे झाले होते. स्वयंपाकघरात आई पाठमोरी. ओट्यावर आजीचा पितळेचा पेला, चहानं भरलेला. आईनं एका वाटीत काहीतरी टाकलं, चमच्याच्या पाठीनं रगडलं, चहात लोटलं, ढवळलं. वर चिमूटभर साखर. सगळं अगदी सवयीच्या हातानं, भाजीत मीठ घालावं तसं.

“आई, ते काय घातलंस?”

आई गर्रकन वळली. पहिली गोष्ट तिनं काय केली असेल, तर ओठांवर बोट ठेवलं. “शू! झोपलेत!”

मग मायलेकींचं भांडण झालं, ते सगळं कुजबुजत. कुणी बाहेरून बघितलं असतं तर वाटलं असतं, दोघी एकमेकींना गुपित सांगतायत.

“काय घातलंस चहात?”

“शाळेत का नाही गेलीस?”

“ते सोड. काय घातलंस?”

“गोळी आहे. तुझ्या बापाचीच. कंपनीचा डॉक्टर देतो त्यांना, रात्रपाळीवाल्यांना देतात.”

“झोपेची?”

“झोपेची.”

“आजीला? रोज?”

“मग काय करू?” आईच्या कुजबुजण्याला धार आली. “आली तेव्हा कशी होती विसरलीस? दिवसभर बडबड. गाणी म्हणायची, ती पण शेतात म्हणतात तशी. भांडी आपटायची. दार उघडून खाली जायची, रस्त्यावर जाऊन सासऱ्यांना हाका मारायची, भर दुपारी. मी कारखान्यात, तू शाळेत. हे उठायचे, तिला शोधून आणायचे, पुन्हा आडवे व्हायचे, पुन्हा ती उठायची. असे तीन-तीन दिवस बिनझोपेचे कामाला गेलेत. एकदा व्हॉल्व्हपाशी उभ्या उभ्या डोळा लागला. यांच्या पाळीतला शिवा शेजारी होता म्हणून वाचले. शिवानं ढकललं म्हणून. शिवाच्या पाठीची कातडी गेली, बघितलीस ना?”

उत्पलानं बघितली होती. त्याला बघायला ती इस्पितळात केळी घेऊन गेली होती. तो अपघात का झाला ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

“पहिल्यांदा अर्धीच दिली,” आई म्हणाली. “रात्रपाळीच्या आठवड्यातच द्यायची असं ठरवलेलं. मग अर्धीनं भागेना. आणि मधे बंद केली की ती रात्रभर थरथरायची, किंचाळायची. मग रोजच द्यायला लागले.”

“आणि मग ती विसरायला लागली!”

“म्हातारी आहे ती!”

“गोळीनं झालंय ते! आणि तुम्ही तिला वेडी म्हणून गावाला सोडणार! काकीच्या पडवीत!”

“हळू बोल!”

“बाबांना माहितीये हे?” उत्पलानं विचारलं. तिला मनातून एकच उत्तर हवं होतं. नाही म्हण. बाबांना यातलं काही माहीत नाही म्हण.

आईनं पडद्याकडं बघितलं. पडदा हलला.

बाबा उभे होते. डोळे लाल, गंजीफ्रॉक घामानं चिकटलेला. “मीच सांगितलं होतं तिला,” ते म्हणाले. “आईवर ओरडू नको.”

“तुमच्या आईला…”

“मी त्यातली एक पण गोळी घेत नाही, उत्पला. आयेला झोपवली की मला आपोआप झोप लागते.”

ते परत पडद्याआड गेले. खाट करकरली. आजी भिंतीला टेकून बसली होती, तिनं पेल्याकडं हात पुढं केला. तिला चहाची वेळ बरोबर कळत होती. उत्पलानं पेला उचलला आणि मोरीत ओतला. आईनं कपाळाला हात लावला, पिशवी उचलली आणि गेली. उशीर झाला तर कारखान्याचं फाटक बंद होई.

तासाभरात आजी बोलायला लागली. दुपारपर्यंत ती घामानं भिजली, तिचे हात कापायला लागले. ती उत्पलाला ‘रखमा’ म्हणायला लागली. रखमा म्हणजे तिची लहानपणी गेलेली बहीण. उत्पला घाबरली. शेजारच्या मुलीला आजीजवळ बसवून ती धावत पेडणेकरांकडं गेली. दम लागलेला, शब्द एकमेकांवर आपटत होते, तरी तिनं सगळं सांगितलं. आईचं, बाबांचं, काहीही न झाकता.

पेडणेकर कपाळाला हात लावून बसले. “एकदम बंद केलीस?”

“विष आहे ना ते?”

“विष नाही. पण अंगात मुरलंय. एकदम तोडलं तर झटके येतील. आज संध्याकाळच्या आत तिला डॉक्टरकडं न्या. मी चिठ्ठी नाही देत, बरोबरच येतो. हळूहळू कमी करायची, आठवड्या-आठवड्यानं. कदाचित दोन-तीन महिने लागतील. आणि तोपर्यंत तिच्याजवळ सतत जागं माणूस पाहिजे. पडेल, उठून जाईल, काहीही करेल. एकटी सोडायची नाही.”

“मग ती पहिल्यासारखी होईल?”

ते काचेवरची धूळ पुसायला लागले. “गोळीनं जे झाकलंय ते उघडं पडेल. त्याच्या खाली काय शिल्लक आहे, ते मला दिसत नाही. तुला खोटं सांगणार नाही.”

उत्पलाला त्यांचा राग आला. खोटं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

डॉक्टरांनी पेडणेकर म्हणाले तेच सांगितलं. वर बाबांना चार शब्द सुनावले. बाबांनी ते मान खाली घालून ऐकून घेतले. तिथं पेडणेकर होते, नर्स होती, दोन पेशंट होते. बाबांना असं उभं राहिलेलं उत्पलानं कधी बघितलं नव्हतं. काल असतं तर ती मध्ये पडली असती. आज पडली नाही.

घरी आल्यावर आजीला ठरवून दिलेली कमी गोळी देऊन निजवलं. तिघं स्वयंपाकघरात बसली. कुणालाच भूक नव्हती. आईनं तरी भाकऱ्या थापल्या, कारण बाबांना डबा लागणार होता.

“जागं माणूस,” आई म्हणाली. “कुठनं आणायचं जागं माणूस? मी कारखाना सोडला तर या घराचा हप्ता कोण भरणार? यांनी रात्रपाळी नको म्हटलं तर उद्या दुसरा उभा आहे तिथं.”

“म्हणून म्हणतो, रविवारी गावाला,” बाबा म्हणाले. “गंगाराम दिवसभर घरी असतो.”

“गंगारामकाका हळूहळू गोळी कमी करतील?” उत्पलानं विचारलं. “काकी तिला सकाळी मोजून अर्धी, पाव, अशी देईल?”

बाबा डब्याचं झाकण लावायला गेले, ते लागेना. दुसऱ्यांदा पण लागेना. उत्पलानं डबा घेतला, झाकण दाबलं, त्यांच्यापुढं ठेवला.

“आजी कुठं जाणार नाही,” ती म्हणाली.

“ते मोठ्यांनी ठरवायचं असतं,” आई म्हणाली.

“तुम्ही ठरवलंत ना. दोन वर्षं ठरवत होतात. आता माझं ऐका.” तिचा आवाज स्टेजवर असायचा तसा नव्हता, बारीक होता आणि मध्येच फाटत होता, पण ती थांबली नाही. “गोळी सुटेपर्यंत बाबांची रात्रपाळी नाहीतर सकाळची पाळी असेल त्या आठवड्यात मी शाळेत जाणार नाही. रात्रपाळी असली की सकाळी बाबा आल्यावर मी आजीला घेऊन खाली जाईन. पाण्याच्या टाकीपाशी बसू, विहारात बसू, कुठंही बसू. तिला बोलू दे, ओरडू दे, गाऊ दे. बाबा झोपू देत.”

“उत्पला!” बाबा ताडकन उठले. “शाळा नाही चुकवायची. काहीही कर, शाळा नाही. तुझं नववीचं वर्ष आहे, पुढं दहावी…”

“माहितीये मला.”

“मी हे सगळं कशासाठी करतो? रात्री-रात्री उभा राहतो तो कशासाठी?”

“माहितीये, बाबा. म्हणून तर सांगतेय. सोमवारी मी बाईंकडं जाऊन अर्ज देणार आहे. त्या विचारतील, का गैरहजर राहणार? तर मी आजारी आहे असं सांगणार नाही. खरं कारण सांगणार. चहातल्या गोळीसकट.”